सहाशे चाळीस वेढे

माझा दादा ट्रान्सफॉर्मर आधी उचलून बघायचा, मग नाकाशी न्यायचा, मग अंगठ्याच्या नखाने त्याच्या लोखंडी पट्ट्यांवर एक रेघ ओढायचा. वजन, वास आणि नख. वर चिकटवलेला कागद तो सगळ्यात शेवटी वाचायचा, तोही दुकानदाराला वाईट वाटू नये म्हणून. "कागदाचं काय, मीसुद्धा माझ्या पाठीवर देखणा म्हणून लिहून घेईन," असं म्हणायचा. देखणा तो नव्हताच. उंच, जरा पोक काढलेला, कान मोठे, आणि बोटांच्या टोकांना वार्निशचा तपकिरी रंग कायमचा बसलेला.

हे सगळं भूतकाळात लिहितेय म्हणून तो गेला असं समजू नका. तो आत बसलाय, पेपर वाचतोय. अडुसष्ट वर्षांचा आहे आणि अजून माझ्यापेक्षा भरभर जिने चढतो.

तरुणपणी तो स्वतः ट्रान्सफॉर्मर बनवायचा. घराच्या मागच्या खोलीत त्याचं हाताने फिरवायचं मशीन होतं, भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं, कोपऱ्यात वार्निशचं पिंप. रेडिओवाले, अँप्लिफायर बनवणारे हौशी लोक, दोन शाळांचे सायन्सचे मास्तर, सगळे त्याच्याकडे यायचे. माणूस दारात आला की दादा आधी विचारायचा, "स्पीकर किती ओहमचा? किती वॅट हवेत? आणि सलग किती वेळ वाजवणार?" तिन्ही उत्तरं आल्याशिवाय तो कागदावर आकडा मांडत नसे. पुष्कळांना फक्त "मोठा द्या" एवढंच ठाऊक असायचं. त्यांना तो समजावून सांगे की बाबा रे, पंचवीस व्होल्टची वाइंडिंग घेतलीस तरी पुढे डीसी होऊन ते पस्तीस भरतात, हे विसरलास की कॅपॅसिटर फुटतात आणि मग शिव्या मला पडतात. व्होल्ट नेमके घ्यावेत, ताकद मात्र सढळ घ्यावी, असं त्याचं म्हणणं. पन्नास वॅटला पन्नास वॅटचाच ट्रान्सफॉर्मर मागणाऱ्याला तो चक्क परत पाठवायचा.

मी तेव्हा शिवणाच्या वर्गात शिकवत होते आणि लग्न होऊन चार घरं पलीकडे राहत होते. वर्ग सुटला की दुपारी दादाकडे जायचे. तारेच्या थरांमध्ये घालायचा कागद कापायचा, लोखंडी पट्ट्या एक उलटी एक सुलटी अशा भरायच्या, ही कामं माझी. दादाच्या मशीनला वेढे मोजणारा काटा होता, पण त्याचा काट्यावर विश्वास नव्हता. तो तोंडाने मोजायचा. त्या वेळी कुणी बोललेलं त्याला चालत नसे आणि मला गप्प बसणं कधी जमलं नाही. मी बोलले की त्याचा आकडा चुकायचा, तो म्हणायचा, "ठिणगे, तोंडाला टाका घाल," आणि सगळी तार उलगडून पहिल्यापासून सुरू करायचा. ठिणगी हे माझं नाव त्यानेच पाडलं. मी उगाच पेटते म्हणून.

आणि आमचा धाकटा. वडील गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि दादा अठराचा. दादाने त्याला अंगाखांद्यावर वाढवला, शिकवला, सोल्डरिंगची कांडी हातात दिली. धाकट्याचा हात सफाईदार, जीभ त्याहून सफाईदार. अठ्ठाविसाव्या वर्षी तो हॉलमध्ये लावण्याजोगे अँप्लिफायर बनवायला लागला. दादा त्याच्याकडे बघायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसे ते मी माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर मुलं झाल्यावरही पाहिलं नाही.

धाकट्याला मोठं काम मिळालं. गावातल्या नव्या सभागृहाला स्वतःचा अँप्लिफायर हवा होता आणि त्यांनी सांगितलं, बनवून आणा, उद्घाटनाच्या दिवशी वाजवून दाखवा, आवडला तर पुढची सगळी कामं तुम्हालाच. धाकट्याने घरी येऊन डब्याचं चित्र काढलं. चपटा, काळा, देखणा डबा. दादाने चित्र बघितलं आणि म्हणाला, "यात माझा ट्रान्सफॉर्मर मावत नाही."

"पट्ट्यांचा नकोच आहे मला," धाकटा म्हणाला. "रिंगचा कर. गोल. चपटा बसतो, आणि गुणगुण अजिबात नाही."

दादाने आयुष्यात रिंग गुंडाळली नव्हती. पट्ट्यांच्या ट्रान्सफॉर्मरला तार बॉबिनवर गुंडाळतात आणि मग लोखंड आत भरतात. रिंगला उलटं. लोखंडाचं कडं आधीच तयार असतं आणि तार त्याच्या पोटातून बाहेर, बाहेरून पोटात, अशी ओवत न्यावी लागते. शिवणारीच्या भाषेत सांगायचं तर तो सगळा काजा करण्याचा प्रकार, फक्त सहाशे चाळीस वेळा आणि एकही टाका वाकडा न होता.

"मला पट्ट्यांचा येतो," दादा म्हणाला. "डबा चार बोटं उंच कर, मी तुला असा ट्रान्सफॉर्मर देतो की तुझी नातवंडं वाजवतील."

"दादा, तुला जमणार नसेल तर तसं सांग. मी बाहेरून आणतो."

एवढं म्हटल्यावर झालं. दादाने डब्याचं चित्र स्वतःकडे ओढलं. पुढचे अकरा दिवस तो जमिनीवर बसून रिंग ओवत होता, आणि त्या अकरा दिवसांत मी खरोखरच तोंडाला टाका घातला होता. तयार झालेली रिंग त्याने माझ्या हातात दिली तेव्हा ती जड, गुळगुळीत आणि थोडी कोमट होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "आता यात रडण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला, पण खूश झाला होता.

अँप्लिफायर घरी दोन दिवस उघडा चालवला, मग झाकण लावून दोन दिवस. रिंग चालू होताना झटका मारते आणि साधा फ्यूज उडतो, म्हणून धाकट्याने जाड फ्यूज घातला. गुणगुण नव्हती, तापत नव्हता. उद्घाटनाच्या दिवशी टेम्पोत घालून डबा सभागृहात नेला. पहिलंच भाषण अर्ध्यावर आलं असताना स्पीकरमधून घरघर ऐकू आली, मग आवाज बसला आणि झाकणाच्या फटींतून धूर निघाला. जळलेल्या वार्निशचा तो वास एकदा नाकात गेला की जात नाही. लोक उठून मागे सरकले. कुणीतरी बटण बंद केलं.

धाकट्याने झाकण उघडलं. रिंग काळी पडली होती, तार फुगून बाहेर आली होती. बाकीचं सगळं जसंच्या तसं. तो सगळ्यांसमोर दादाकडे वळला आणि म्हणाला, "हात गेला तुझा, दादा. जमत नव्हतं तर सांगायचं होतंस. माझं वाटोळं केलंस तू."

दादाने गळ्यातला रुमाल काढला, ती गरम रिंग त्यात बांधली आणि पायी घरी आला. मी मागोमाग होते. वाटेत मी धाकट्याला लाखोली वाहत होते आणि दादा म्हणाला, "त्याचं बरोबर आहे."

जळालेला ट्रान्सफॉर्मर आला की दादा तो कधीच तसा फेकत नसे. एकेक वेढा उलगडून चूक कुठे आहे ते शोधायचा, आणि चूक सापडली की ती वहीत लिहून ठेवायचा. रिंगचंही त्याने तेच केलं. आठ दिवस. जळलेलं एनॅमल तारेला तारेशी चिकटवून बसलेलं, ते सुईने सोडवायचं, वेढा काढायचा, आकडा म्हणायचा. जेवायला हाक मारली तर आकडा म्हणतच उठायचा. आठव्या दिवशी संध्याकाळी त्याने शेवटचा वेढा काढला. "सहाशे चाळीस," तो म्हणाला. "एक कमी नाही, एक जास्त नाही."

"मग झालं तर!" मी म्हटलं. "चूक नाहीच तुझी."

"चूक सापडली नाही, ठिणगे. चूक नाही असं कुठे? जळला तो जळलाच ना." तो काळ्या तारेच्या ढिगाकडे बघत बसला. "सापडली असती तर पुढे टाळली असती. आता मी जो ट्रान्सफॉर्मर करीन त्यात ती असेल, आणि मला कळणार नाही."

त्यानंतर त्याने एकही ट्रान्सफॉर्मर केला नाही. मी भांडले, रडले, अबोला धरला. मी त्याला भित्रासुद्धा म्हटलं. त्याने मशीन विकलं, रिळं वाटून टाकली आणि पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरी धरली. सकाळी वाल्व उघडायचा, दुपारी बंद करायचा, मीटरचे आकडे लिहायचे. तिथल्या मोटरची वाइंडिंग जळली की ती शेजारच्या गावी जायची. साहेबांना कधी कळलंच नाही की त्यांच्या वाल्वमनचे हात काय करू शकत होते. त्याने लग्न केलं नाही. एक स्थळ आलं होतं, चांगलं होतं. तो म्हणाला, "माझ्या हातून काय बिघडेल सांगता येत नाही." मी कपाळावर हात मारून घेतला.

धाकटा वर्षाच्या आत दुसऱ्या शहरात गेला. लग्नसमारंभांना, सभांना स्पीकर भाड्याने देण्याचा त्याचा धंदा आता मोठा आहे. फोन मला करतो. माझा फोन वाजला आणि पलीकडे धाकटा आहे असं कळलं की दादा चष्मा शोधायला म्हणून माझ्याजवळ यायचा. चष्मा त्याच्या नाकावर असायचा. फोन ठेवला की विचारायचा, "बरा आहे ना?" मी म्हणायचे, बरा आहे. सव्वीस वर्षांत त्या दोघांमध्ये एवढंच बोलणं झालं, तेही माझ्या तोंडून.

माझा नवरा गेल्यावर मी दादाकडे राहायला आले. मुलं आपापल्या वाटेला लागली होती. दादा नोकरीतून सुटला आणि त्याचं खरं रूप मला दिसलं. पंपघर होतं तोवर निदान वाल्व उघडायला तरी उठायचा. आता खिडकीशी बसायचा तो बसायचाच. दाढी चार चार दिवस करायचा नाही. घरातला दिवा बंद पडला तरी हात लावायचा नाही. एकदा मी इस्त्रीची वायर जोडायला सांगितली, तर म्हणाला, "कुणाला तरी बोलाव, मी नको." मला इतका राग आला की ती इस्त्री मी त्याच्यासमोर जमिनीवर आपटली.

मग मी डोकं चालवलं. माळ्यावर जुने दोन स्पीकर पडले होते. ते काढले, पुसले, आणि दादाला सांगितलं की वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचे आहेत, त्यांना अँप्लिफायर बनवून हवा आहे, मी शब्द दिलाय. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी चहा पिताना दादा म्हणाला, "मास्तरांना दाराची बेल ऐकू येत नाही. परवा पोस्टमन पाऊण तास वाजवत होता."

मी पकडली गेले. तोंड लाल झालं माझं. पण तो कप खाली ठेवून म्हणाला, "किती ओहमचे आहेत मास्तरांचे स्पीकर?"

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले आणि मग रडले.

अँप्लिफायरचे बोर्ड तयार मिळाले, ते मी आणले. ट्रान्सफॉर्मर मात्र त्याने स्वतः निवडायला हवा होता, नाहीतर सगळा खटाटोप कशासाठी? महिनाभर मागे लागून मी त्याला दुकानात नेला. दुकानदारीण चाळिशीची, हुशार बाई. गल्ल्यामागे ट्रान्सफॉर्मर रचून ठेवलेले. दादा दारातच थबकला. मग हळूहळू आत गेला, एक उचलला, नाकाशी नेला, नखाने रेघ ओढली. बाईने त्याचं नख बघितलं आणि हातातला फोन बाजूला ठेवला.

"काका, पस्तीस-शून्य-पस्तीस घ्या," ती म्हणाली. "व्होल्ट जास्त असलेले बरे."

"जास्त व्होल्ट म्हणजे जास्त आवाज नाही, बाई, जास्त धूर," दादा म्हणाला. "या बोर्डाला चाळिसाच्या वर झेपत नाही. पंचवीस-शून्य-पंचवीस द्या. दोन बाजूंना पन्नास पन्नास वॅट आहेत, तेव्हा ताकद दोनशेची हवी. पट्ट्यांचा."

"पट्ट्यांचा एवढा मोठा आता कुणी ठेवत नाही, काका. सगळे रिंगच नेतात." तिने खालून एक खोका काढला आणि उघडून त्याच्यासमोर धरला.

दादाने दोन्ही हात मागे घेतले. अगदी चटका बसल्यासारखे. "राहू दे," तो म्हणाला, आणि दुकानातून बाहेर पडला.

रिंग मी घेतली. पिशवीत घालून घरी आणली. तो पुढे दोन पावलं चालत होता आणि घरी येईपर्यंत एकदाही मागे वळला नाही. मी खोका त्याच्या टेबलावर ठेवला. चार दिवस तो खोका तिथेच होता, आणि दादा त्या टेबलापासून खुर्ची लांब ओढून बसायचा.

पाचव्या दिवशी सकाळी तो आंघोळीला गेला होता. टेबल पुसताना मी खोका उघडला. रिंग, दोन रबरी चकत्या, एक लोखंडी बशी, एक बोल्ट, आणि घडी घातलेला कागद. कागदावर डब्याचं चित्र होतं, आत रिंग, तिच्या मधोमध बोल्ट. बोल्टचं वरचं टोक झाकणाला टेकलेलं, आणि त्या टोकावर मोठी लाल फुली. खाली लिहिलं होतं, बोल्ट खालच्या तळाला आणि वरच्या झाकणाला एकाच वेळी टेकता कामा नये. टेकल्यास तो स्वतःच एक पुरा वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.

मी कागदाची घडी घालून तो पदरात लपवला.

सव्वीस वर्षांपूर्वीचा तो बोल्ट मी लावला होता. दादा बाहेर गेला होता आणि धाकट्याला घाई होती. दादाने रिंगखाली जाड रबर घातलं होतं, त्यामुळे नेहमीच्या बोल्टला नट पकडत नव्हता. मी खणातून लांब बोल्ट काढला. नट छान बसला. मग झाकण बसेना, मधे टेंगूळ येत होतं, म्हणून मी त्यावर गुडघा ठेवून दाबलं आणि कडेचे स्क्रू पिळले. धाकटा शेजारी उभा राहून हसत होता, "ताई, गादी शिवतेयस का?" म्हणाला. पट्ट्यांच्या ट्रान्सफॉर्मरला कितीही लांब बोल्ट लावा, काही होत नाही. आमच्या घरात तेवढंच ठाऊक होतं. झाकणाला आतून काळा रंग होता, त्या रंगाने घरी दोन दिवस भागलं. टेम्पोत हादरे बसले, बोल्टच्या टोकाने रंग खरवडला, आणि सभागृहात लोखंडाला लोखंड भिडलं. झाकण उघडल्याबरोबर बोल्ट मोकळा झाला आणि चूक गायब झाली. मग दादा आठ दिवस ती तारेत शोधत बसला.

आणि मी त्याला भित्रा म्हटलं होतं.

तीन दिवस मला घास गेला नाही. मी सांगणार होतेच, पण सकाळी ठरवायचे दुपारी सांगेन, आणि दुपारी तो खिडकीशी बसलेला दिसला की पावलं स्वयंपाकघराकडे वळायची. मी, जिने आयुष्यात एक गोष्ट पोटात ठेवली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कागद त्याच्या मांडीवर ठेवला. "वाच," म्हटलं.

त्याने तीनदा वाचला. त्याचे डोळे कित्येक वर्षांनी असे चालताना मी बघितले. "एक वेढा," तो हळूच म्हणाला. "जाड, लोखंडी. सगळी ताकद त्यातच जाणार. बरोबर आहे. शंभर टक्के जळणार."

"दादा, तो बोल्ट मी लावला होता. लांब होता. झाकण मी गुडघ्याने दाबून बसवलं. तुझी तार ठीक होती. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता उठेल, ओरडेल, मला मारेल तरी. मी तयारच होते. आणि त्याच्या ओठांवर हसू आलं.

"घरी झाकण लावून दोन दिवस चालवला होता की. तेव्हा का नाही जळला?"

मी रंगाचं सांगितलं, टेम्पोचं सांगितलं.

"हे तू आता जुळवतेयस," तो म्हणाला. "कागद वाचलास आणि जुळवलंस. मास्तरांचे स्पीकर, तसाच हा बोल्ट."

"अरे, खरं सांगतेय मी! शपथ घेऊ का?"

"दोन महिने बघतोय, ठिणगे. मला खिडकीतून उठवायला तू काय काय करतेयस ते दिसत नाही का मला?" त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माझं ओझं तू कशाला घेतेस? पुरे."

मी त्याचा हात झिडकारला. मी इतकी ओरडले की वरचे मास्तरसुद्धा खाली डोकावले असतील. काही उपयोग नाही. तो शांतपणे ऐकत होता आणि जितकी मी ओरडत होते तितका त्याचा चेहरा मऊ होत होता. मग मला सुचलं, धाकटा! तो शेजारी उभा होता, त्याने बघितलं होतं. मी आतल्या खोलीत जाऊन फोन लावला.

"तो डबा आहे का तुझ्याकडे? पहिला? निदान त्याचं झाकण?"

"ताई, सव्वीस वर्षं झाली. तेव्हाच भंगारात गेला तो."

मी सगळं सांगितलं. बोल्ट, गुडघा, गादी. मग तो म्हणाला, "असेल. मला आठवत नाही."

"आठवत नसलं तरी दादाला सांग, आठवतंय म्हणून. तुझं ऐकेल तो."

"आता हे कशाला उकरायचं, ताई? म्हातारा झाला तो. त्याला सांग, मी केव्हाच माफ केलंय त्याला. माझ्या मनात काही नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन पलंगावर फेकला आणि बाहेर आले. दादा दारातच उभा होता. चष्मा नाकावर.

"काय म्हणाला?"

"काय म्हणणार तो!" मी कडाडले. "म्हणतो, दादाला माफ केलंय म्हणून सांग! केव्हाच माफ केलंय म्हणे! ऐकलंस? मोठा आलाय माफ करणारा! अरे, असं बोलायला याचं तोंड तरी कसं उचकटलं—"

मी थांबले. मला वाटलं होतं तो चिडेल. निदान आता तरी चिडेल. दादाने चष्मा काढला.

"असं म्हणाला?"

"हो, पण—"

"तू म्हणायला लावलंस का?"

"नाही रे," मी म्हटलं. "आपणहून म्हणाला."

त्या दिवसभरात मी सांगितलेलं हे एवढंच त्याला खरं वाटलं. तो खुर्चीत बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडला. वडील गेले तेव्हाही मी त्याला असा रडताना पाहिलं नव्हतं. जरा वेळाने म्हणाला, "पुन्हा सांग. कसं म्हणाला, शब्द न् शब्द."

मी सांगितलं. "मी केव्हाच माफ केलंय त्याला. माझ्या मनात काही नाही." त्याने तिसऱ्यांदा विचारलं, मी तिसऱ्यांदा सांगितलं, आणि दर वेळी ते वाक्य माझ्या तोंडून जास्त गोड निघत गेलं. सव्वीस वर्षं तो चूक शोधत होता असं मला वाटत होतं. चूक त्याने त्या आठव्या दिवशीच आपल्या नावावर लिहून टाकली होती. त्यानंतर तो फक्त या एका वाक्याची वाट बघत होता.

त्याने तोंड धुतलं, दाढी केली. टेबलापाशी खुर्ची ओढली आणि खोक्यातून रिंग बाहेर काढली. वजन, वास, नख. मग कागद समोर ठेवून बोल्ट झाकणाखाली किती राहतो ते मोजू लागला.

मी दारात उभी होते. मला हवं होतं ते झालं होतं, आणि माझ्या छातीवर दगड होता तसाच. "दादा," मी म्हटलं, "तो बोल्ट खरंच मी लावला होता रे."

"असू दे गं, ठिणगे," तो मान वर न करता म्हणाला. "आता झालं ना सगळं? त्याने माफ केलं."

तो हसत होता. मग मी गप्प बसले, आणि अजून गप्पच आहे.